लास वेगास: जुगार न खेळणाऱ्या कुटुंबानं कुठं राहावं, काय बघावं

प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकचं कुटुंब जूनमध्ये सॅन होजेला भावाकडं येणार आणि तिथून तीन रात्री लास वेगासला जाणार. बरोबर ७३ वर्षांच्या सासूबाई आहेत, त्यांचे गुडघे दुखतात. मुलगी १२ वर्षांची. सगळे शाकाहारी. जुगार कुणाला खेळायचा नाही, यजमानांना मात्र "एकदा बसून बघायचंय". कुठल्या रिसॉर्टमध्ये उतरावं, काय बघावं, काय सोडावं, आणि मुळात मुलीला अशा गावी न्यावं का?

ताई, मी टूर मॅनेजर आहे. २००६ पासून पश्चिम अमेरिकेच्या सहली घेऊन जातोय, त्यातल्या जवळजवळ प्रत्येक सहलीत वेगासच्या दोन-तीन रात्री असतात. तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण तुमचा खरा घोर तोच दिसतोय.

मुलीला बिनधास्त न्या. नियम एवढाच, की २१ वर्षांखालच्या कुणालाही कॅसिनोच्या फ्लोअरवर थांबता येत नाही. चालत पलीकडं जायला परवानगी आहे, जुगाराच्या मशीनपाशी उभं राहायला नाही, फोटोपुरतंसुद्धा नाही. सुरक्षारक्षक येतो आणि नम्रपणे पुढं व्हायला सांगतो. एवढ्यानं घाबरून जाऊ नका. रात्री उशिरा फुटपाथवर गांजाचा वास येतो, नेवाडा राज्यात २०१७ पासून त्याची विक्री कायदेशीर आहे. पिसं लावलेल्या, अपुऱ्या कपड्यांतल्या मुली फोटोसाठी हात धरतात आणि मग पैसे मागतात. कार्टूनच्या वेशातली माणसंही तेच करतात. मुलीला आधीच सांगून ठेवा: कुणाबरोबर फोटो नाही, कुणी हातात काही दिलं तर घ्यायचं नाही. रात्री दहा-साडेदहाला खोलीवर परतलात तर याहून वेगळं काही तिच्या नजरेस पडणार नाही.

आता हॉटेल. इथं बहुतेक लोक दोन चुका करतात: खोलीचा दर बघून ठरवतात आणि नकाशा बघून अंतर ठरवतात.

वेगासचं मोठं रिसॉर्ट कसं बांधलेलं असतं ते एकदा समजून घ्या, म्हणजे बाकीचं आपोआप कळेल. कॅसिनोचा फ्लोअर मध्ये असतो. रिसेप्शन, लिफ्ट, जेवणाची जागा, थिएटर, पोहण्याचा तलाव, सगळं त्याच्या चहूबाजूंनी. कुठूनही कुठंही जायचं तर मशीनच्या मधून जावं लागतं. खिडकी नाही, भिंतीवर घड्याळ नाही, वाट मुद्दाम वळणावळणाची. खोलीतून निघून रस्त्यावर यायला दहा मिनिटं सहज लागतात. एमजीएम ग्रँडच्या मुख्य इमारतीतच पाच हजारांच्या आसपास खोल्या आहेत, तेव्हा लिफ्टपासून दारापर्यंतची चाल काय असेल याचा अंदाज करा. आणि आतमध्ये सिगारेट ओढायला परवानगी असते, त्यामुळं रोज चार वेळा त्या धुरातून जाणं आलं. दुखऱ्या गुडघ्यांच्या सासूबाईंना हॉटेल किती देखणं आहे यापेक्षा लिफ्ट ते रस्ता किती चालावं लागतं, हे जास्त महत्त्वाचं.

म्हणून तुमच्यासाठी माझी पहिली पसंती व्हडारा. यात कॅसिनो नाही, धूम्रपान नाही, सगळ्या खोल्या स्वीट, म्हणजे बैठकीची जागा असलेल्या मोठ्या खोल्या आहेत आणि त्यांत छोटंसं किचन आहे. बेलाजिओ हॉटेल अगदी शेजारी, मधल्या वाटेनं चालत जाता येतं. बेलाजिओ ते पार्क एमजीएम अशी फुकट ट्रामही तिथूनच मिळते. दुसरी पसंती एमजीएम ग्रँडच्या मागचं सिग्नेचर. तिथंही कॅसिनो नाही, बऱ्याच स्वीटमध्ये किचन आहे, पण स्ट्रिपवर, म्हणजे मोठी हॉटेलं आहेत त्या मुख्य रस्त्यावर, यायला लांबलचक गलियारा ओलांडावा लागतो. तिसरं पार्क एमजीएम. तिथं कॅसिनो आहे, पण संपूर्ण इमारतीत सिगारेटला बंदी आहे, आणि स्ट्रिपवर असा मोठा कॅसिनो हाच.

पैसे वाचवायचे म्हणून लोक एक्सकॅलिबर किंवा लक्झर घेतात. लक्झरचा पिरॅमिड मुलांना आवडतो. त्यातली लिफ्ट पिरॅमिडच्या उतारानं ३९ अंशांत तिरकी वर जाते, ती गंमत खरी आहे. पण खोल्या जुन्या झाल्यात आणि दोन्ही हॉटेलं स्ट्रिपच्या दक्षिण टोकाला आहेत. लक्झर बाहेरून बघा, आत एक चक्कर मारा, राहू नका. मोकळ्या हातानं खर्च करायचा असेल तर व्हेनिशियनला तोड नाही, तिथल्या सगळ्या खोल्या स्वीट. फक्त तिथं खोलीत किचन नाही आणि चाल पुष्कळ. मुलीला दिवसभर पाण्यात डुंबायचं असेल तर मँडले बे हॉटेलचा वाळूचा किनारा आणि लाटांचा तलाव हे एवढंच जूनमध्ये तिथं उतरायला पुरेसं कारण आहे. डाउनटाउनचं, म्हणजे जुन्या गावातलं, सर्का मात्र बुक करू नका. छान, नवं हॉटेल आहे, २०२० मध्ये उघडलं, पण २१ वर्षांखालच्यांना तिथं दारातूनच परत पाठवतात. माझ्या ओळखीचं एक कुटुंब मुलासकट दारात उभं राहून आलंय.

दराबद्दल. दिसतो तो दर खरा नसतो. त्यावर रिसॉर्ट फी लागते, रात्रीला साधारण ४० ते ५५ डॉलर, आणि या सगळ्यावर १३ टक्क्यांच्या आसपास कर. गाडी असेल तर बऱ्याच ठिकाणी पार्किंगचे वेगळे. अलीकडं अमेरिकेत ही फी धरूनच दर दाखवायचा नियम आलाय, तरी शेवटच्या पानावरचा आकडा बघितल्याशिवाय कार्ड पुढं करू नका. शुक्रवार-शनिवार टाळून रविवार ते बुधवार असा मुक्काम घ्या. तीच खोली निम्म्या दरात मिळालेली मी अनेकदा पाहिलीय. चेक-इनला क्रेडिट कार्डच द्या. फॉरेक्स कार्ड दिलंत तर डिपॉझिटची रक्कम त्यावर अडकते आणि सुटायला आठ-दहा दिवस जातात.

खोलीतल्या मिनीबारबद्दल एक सांगतो. माझ्या ग्रुपमधल्या एका काकांनी इन्सुलिन थंड ठेवायला म्हणून मिनीबारमधल्या चार बाटल्या काढून टेबलावर ओळीनं मांडल्या. एकही उघडली नाही. सकाळी बिलात चारही बाटल्या, वर "फ्रिज वापरल्याचे" वेगळे डॉलर. खाली सेन्सर असतो, बाटली उचलली की विकली गेली असं तो धरतो. काउंटरवर पाऊण तास घालवून मी ते बिल कमी करून घेतलं, तोवर बाकीचे ३८ जण बसमध्ये बसून होते. सासूबाईंना औषधासाठी फ्रिज लागत असेल तर आधी फोन करून वेगळा मागवा. व्हडारासारख्या ठिकाणी हा प्रश्नच येत नाही.

आता काय बघायचं. या गावात वेगळी "प्रेक्षणीय स्थळं" शोधत बसू नका, हॉटेलं हीच स्थळं आहेत, आणि त्यांतलं उत्तम ते फुकट आहे. कारण उघड आहे. कारंजी, बागा, झुंबरं सगळी लोकांना फ्लोअरपर्यंत आणायला उभारलेली, त्यांचा खर्च खेळणारे भरतात. आपण न खेळता बघून यायचं. गोव्यात पणजीच्या मांडवीतल्या कॅसिनो-बोटींवर चढायलाच पॅकेज घ्यावं लागतं, त्यात जेवण-दारू धरलेली असते. इथं तसं काही नाही. कुठल्याही दारातून सरळ आत शिरा, कुणी तिकीट विचारत नाही.

पहिली संध्याकाळ बेलाजिओची. कारंज्यांचा तलाव साडेआठ एकरांचा आहे आणि पाण्याची सर्वांत उंच उडी १४० मीटरपर्यंत जाते. दुपारी दर अर्ध्या तासानं, रात्री आठनंतर दर पंधरा मिनिटांनी, मध्यरात्रीपर्यंत. वारा सुटला तर बंद ठेवतात. एकच खेळ बघून निघू नका, प्रत्येक गाण्याला पाणी निराळं नाचतं, तीन बघा. उंच झोत सुटतो तेव्हा तोफेसारखा दणका छातीत बसतो आणि दोन-तीन सेकंदांनी तुषार तोंडावर येतात. जूनच्या उकाड्यात त्या तुषारांसाठीच लोक कठड्याला चिकटून असतात. वाळवंटात एवढं पाणी उधळतात म्हणून आपल्या लोकांचा जीव हळहळतो. हे पाणी विहिरीचं आहे. या जागी पूर्वी ड्यून्स हॉटेल होतं, त्याच्या गोल्फ मैदानाला याच विहिरींचं पाणी जायचं. शहरात घरांच्या-हॉटेलांच्या आत वापरलेलं पाणीही जवळजवळ सगळं शुद्ध करून परत लेक मीडमध्ये, म्हणजे हूवर धरणाच्या जलाशयात, सोडतात. पाण्याच्या बाबतीत वेगास दिसतं तितकं उधळं नाही.

बेलाजिओच्या लॉबीत छताला काचकलाकार डेल चिहुली यांची दोन हजार काचेची फुलं टांगलेली आहेत, आणि त्याच्या पलीकडं खऱ्या फुलांची काचघरातली बाग. तिची मांडणी वर्षातून पाच वेळा पूर्ण बदलते. मधले काही दिवस काम चालू म्हणून बंद असते, तारखा बघून जा. ही बाग संध्याकाळी नको, सकाळी सात-आठला बघा, तेव्हा गर्दी नसते. साताऱ्याच्या एक आजी तिथं तासभर उभ्या होत्या. बाहेर पडताना म्हणाल्या, "एवढी फुलं, आणि देवाला एक नाही!" तुमच्या सासूबाईंना वेगासमध्ये हेच सर्वांत आवडेल असा माझा अंदाज आहे.

समोरच पॅरिस हॉटेल आणि त्याचा निम्म्या मापाचा आयफेल टॉवर. वर जायला तिकीट आहे, पण वरून कारंजी अख्खी दिसतात.

दुसरी संध्याकाळ व्हेनिशियन, हाय रोलर आणि स्फिअर या तिघांची, तिन्ही जवळजवळ आहेत. व्हेनिशियनच्या आत कालवा आहे, त्यात होड्या चालतात, वल्हवणारा इटालियन गाणी म्हणतो. होडीचं तिकीट महाग आणि फेरी चिमुकली. पुलावर उभं राहून दुसऱ्यांची गाणी ऐका. वरचं आभाळ रंगवलेलं आहे, तिथं कायम तिन्हीसांजा झालेल्या असतात. दुपारी दोनला आत शिरलेला माणूस बाहेर येऊन उन्हानं दिपतो.

हाय रोलर हा आकाशपाळणा १६७ मीटर उंच. एका फेरीला अर्धा तास लागतो आणि तो इतका सावकाश फिरतो, की आत बसल्यावर हलतोय हे कळतही नाही. चालत्या पाळण्यात पाऊल टाकायचं असतं. सासूबाईंसाठी सांगितलंत तर थांबवतात. जूनमध्ये सूर्य आठच्या सुमारास मावळतो. साडेसातला पाळण्यात बसा, म्हणजे चढताना डोंगर दिसतील आणि उतरताना दिवे.

स्फिअर हे भल्यामोठ्या पडद्याचं थिएटर सप्टेंबर २०२३ मध्ये उघडलं. ११२ मीटर उंचीचा गोल, बाहेरून सगळा एलईडीनं मढवलेला. कधी डोळा होतो, कधी चंद्र, कधी बास्केटबॉल. बाहेरून बघायला पैसे नाहीत आणि पाळण्यातून तो फार छान दिसतो. आत जायचं का? मुलीसाठी एकदा जा, तसा पडदा तिनं कुठं बघितलेला नसेल. तिकीट काढताना दोन गोष्टी लक्षात ठेवा: तळमजल्याच्या मागच्या रांगांवर वरचा सज्जा येतो आणि पडद्याचा वरचा भाग झाकला जातो; वरच्या मजल्यावरच्या पायऱ्या मात्र फार खड्या आहेत. चक्कर येणाऱ्या माणसाला नेऊ नका. सासूबाईंना त्या वेळी खोलीवर विश्रांती घेऊ द्या.

जुन्या याद्या बघून जाणाऱ्यांसाठी सांगून ठेवतो. मिराजचा ज्वालामुखी आता नाही, ते हॉटेल १७ जुलै २०२४ ला बंद झालं. ट्रॉपिकाना ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरुंग लावून पाडलं, तिथं बेसबॉलचं स्टेडियम होतंय. ट्रेझर आयलंडची जहाजांची लढाई २०१३ लाच संपली. लोक अजून मला विचारतात.

दिवसा काय करायचं? जूनमध्ये दुपारी बारा ते सहा बाहेर काहीच करायचं नाही. हवा कोरडी, आपल्या नागपूर-चंद्रपूरच्या मे महिन्यासारखी. ७ जुलै २०२४ ला इथं जवळजवळ ४९ अंश झाले होते. घाम दिसत नाही, लगेच वाळतो, त्यामुळं तहान लागेपर्यंत माणूस पाणी पीत नाही आणि मग बसल्या जागी गळतो. पाणी हॉटेलात घेऊ नका, स्ट्रिपवरच वॉलग्रीन्स आणि सीव्हीएसची दुकानं आहेत, तिथून मोठा खोका आणा.

तेव्हा दिवस उलटा करा. पहाटे बाहेर, दुपारी तलाव नाहीतर झोप, संध्याकाळी हॉटेलं.

एक पहाट रेड रॉक कॅनियनला द्या, शहराच्या पश्चिमेला गाडीनं अर्धा तास. तांबडे-पिवळे खडक आणि त्यांतून जाणारा २१ किलोमीटरचा एकेरी रस्ता. सहाला फाटक उघडतं. ऑक्टोबर ते मे वेळ आरक्षित करावी लागते, जूनमध्ये लागत नाही. सासूबाईंना गाडीतून उतरावंही लागणार नाही, थांबे असे आहेत की काच खाली केली की समोर डोंगर.

दुसरी सकाळ हूवर धरणाची, पाऊण तासाचा रस्ता. उंची २२१ मीटर, आपल्या कोयनेच्या दुपटीहून जास्त, आणि आपलं भाक्रा याच्याहूनही थोडं उंच, हे मुलीला आवर्जून सांगा. काम १९३१ ला सुरू झालं. त्याच वर्षी नेवाडानं जुगार कायदेशीर केला, आणि मजुरांच्या पगाराचे दिवस वेगासला भरभरून आले. मजुरांनी वाहवत जाऊ नये म्हणून सरकारनं त्यांच्यासाठी बोल्डर सिटी हे वेगळं गाव वसवलं, तिथं जुगाराला बंदी होती. आजही आहे. धरणाच्या वाटेवरच हे गाव लागतं, चहाला तिथं थांबा. धरणावर दोन मनोऱ्यांवर दोन घड्याळं आहेत, एक नेवाडाचं, एक ॲरिझोनाचं. हिवाळ्यात त्यांत तासाचा फरक असतो, जूनमध्ये दोन्ही एकच वेळ दाखवतात, कारण ॲरिझोना उन्हाळ्यात घड्याळ पुढं करत नाही. खाली लेक मीडच्या खडकांवर पांढरा पट्टा दिसेल. पाणी पूर्वी तिथवर होतं.

ग्रँड कॅनियन या तीन रात्रींत बसवू नका, हे मी स्पष्टच सांगतो. खरं राष्ट्रीय उद्यान म्हणजे साउथ रिम, दरीची दक्षिण कड, ते एका बाजूला साडेचार तास. दिवसात जाऊन-येऊन करणाऱ्यांना परतीच्या बसमध्ये मान टाकून झोपलेलंच मी पाहिलंय. अडीच तासांवरचं वेस्ट रिम हा हुआलापाई जमातीचा प्रदेश आहे. काचेचा स्कायवॉक तिथंच आहे, पण नॅशनल पार्कचा पास चालत नाही आणि तिकीट जड आहे. साउथ रिमसाठी पुढच्या वेळी एक रात्र वेगळी काढा.

तिसरी संध्याकाळ जुन्या गावाची, म्हणजे फ्रीमाँट स्ट्रीटची. स्ट्रिपचा बहुतेक भाग कागदोपत्री लास वेगास शहरात येतच नाही, शहराची हद्द त्याच्या उत्तरेला सुरू होते. १९०५ मध्ये रेल्वेनं जमिनीचा लिलाव करून वसवलेलं मूळ गाव हे फ्रीमाँटचं. रस्त्यावर ४०० मीटरहून लांब छत आहे, त्यावर दिव्यांचा खेळ होतो. आवाज कान फाटतील असा, आणि अपुऱ्या कपड्यांतली मंडळी इथं जरा जास्त. एक खेळ बघा आणि गोल्डन नगेटमध्ये शिरा. तिथं पोहण्याच्या तलावाच्या मधोमध शार्कची टाकी आहे, आणि काचेत ठेवलेला २७ किलोचा सोन्याचा गोळा. यजमानांसाठी मॉब म्युझियम, जुन्या कोर्टाच्या इमारतीत. निऑन म्युझियमची जुन्या पाट्यांची बखळ संध्याकाळी सुंदर दिसते, पण तिकीट आधी काढावं लागतं.

यजमानांना बसायचंय ते इथंच बसू द्या. स्ट्रिपवर संध्याकाळी टेबलाचा किमान डाव १५-२५ डॉलरपासून सुरू होतो, डाउनटाउनला कमी असतो. मूळ पासपोर्ट जवळ हवा. रुलेटवर, म्हणजे फिरत्या चाकाच्या खेळात, चाकावरची शून्यं मोजा: एक शून्य असेल तर कॅसिनोचा वाटा २.७ टक्के, दोन शून्यं असतील तर ५.२६, आणि स्ट्रिपवर आता तीन शून्यांची टेबलं आहेत, तिथं ७.६९. ब्लॅकजॅक या पत्त्यांच्या खेळाच्या टेबलावर ३:२ लिहिलेलं असेल तिथं बसा. ६:५ लिहिलेलं असेल तर दहा डॉलर लावून ब्लॅकजॅक लागला (पहिल्या दोन पानांतच २१ झाले) की १५ ऐवजी १२ मिळतात. स्लॉट मशीनवर मोठी रक्कम लागलीच तर परदेशी माणसाचा ३० टक्के कर तिथंच कापतात. शंभर डॉलर वेगळ्या पाकिटात द्या आणि कार्ड तुमच्या पर्समध्ये ठेवा. "फुकट" दारू खेळणाऱ्याला मिळते, आणणाऱ्या मुलीला डॉलर-दोन डॉलर टिप द्यायची असते.

जेवणाचं. "व्हेजिटेरियन" म्हटलं तर अंडं आणि कधी मासाही चालतो असं धरतात. "नो मीट, नो फिश, नो एग" असं तिन्ही शब्द म्हणा. मेक्सिकन ठिकाणी राजमा चरबीत परतलेला असू शकतो, विचारा. हॉटेलांचे बुफे शाकाहाऱ्याला परवडत नाहीत, पैसे खेकड्याचे आणि खाणं सॅलडचं. चांगली भारतीय हॉटेलं स्ट्रिपपासून गाडीनं दहा-पंधरा मिनिटांवर आहेत. बाकी किचनमध्ये मुगाची खिचडी लावा. सॅन होजेहून निघताना भावाकडून तांदूळ, डाळ, तूप घ्या, तिथं सगळं मिळतं. सासूबाईंना देवदर्शन हवं असेल तर पश्चिमेला समर्लिन भागात हिंदू मंदिर आहे. रेड रॉकहून परतताना ते वाटेवरच पडतं, फक्त उघडण्याची वेळ बघून घ्या.

चालण्याबद्दल शेवटचं. समोर दिसणारं हॉटेल "हे काय, इथंच तर आहे" म्हणून निघालात की पंचवीस मिनिटं जातात. रस्ता पुलावरून ओलांडायचा असतो, आणि पुलाचा सरकता जिना नेमका बंद. मोनोरेल आहे, पण ती पूर्वेकडच्या हॉटेलांच्या पाठीमागून जाते, तिच्यापर्यंत पोचायलाच कॅसिनो ओलांडावा लागतो. तुम्ही चौघं असल्यानं ॲपवरची टॅक्सी बरी. ती हॉटेलच्या मुख्य दाराशी येत नाही, ठरलेली जागा असते, पाटी शोधा. सासूबाईंसाठी व्हीलचेअर भाड्यानं घ्या, हॉटेलचा बेल डेस्क सोय सांगतो. त्या आधी नको म्हणतील. पहिल्या रात्रीनंतर स्वतःच मागतील, तेव्हा पहिल्या दिवसापासूनच घेऊन ठेवा.